इलेक्ट्रिक टूथब्रश किती टिकतो, बॅटरी किती चालते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात असो की ऑनलाइन, इलेक्ट्रिक ब्रश घेताना सगळ्यांची नजर आधी एकाच आकड्यावर जाते: एकदा चार्ज केला की किती दिवस चालणार? ब्रश बंद पडतो तो मात्र बहुतेक वेळा भलत्याच कारणाने. म्हणून खालची उत्तरं बॅटरीबद्दल जितकी आहेत, तितकीच पाण्याबद्दलही आहेत.

एक इलेक्ट्रिक ब्रश साधारण किती वर्षं चालावा?

बऱ्या कंपनीचा, चार्जिंगचा, दिवसातून दोनदा वापरला जाणारा ब्रश तीन ते पाच वर्षं चालायला हवा. त्याआधी गेला तर कुरकुर करायला जागा आहे. अगदी स्वस्तातले यूएसबीवाले ब्रश दीड-दोन वर्षं चालले तरी पैसे वसूल झाले असं समजा. पेन्सिल सेलवर चालणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे सेल बदलता येतात, पण सेलच्या कप्प्यातले पत्रे गंजतात, झाकण ढिलं होतं आणि पाणी थेट सेलपर्यंत पोचतं.

हे सगळं हँडलबद्दल. वरचं डोकं, म्हणजे रिफिल, दर तीन महिन्यांनी बदलायचंच असतं. चार-पाच वर्षांचा हिशोब मांडला तर रिफिलचा खर्च हँडलच्या किमतीच्या पुढे जातो. तेव्हा ब्रश घेण्याआधी त्याचं रिफिल काय भावाने मिळतं आणि आपल्या गावात मिळतं का, हे आधी बघा.

आधी काय जातं, बॅटरी की मोटर?

माझं मत विचाराल तर दोन्ही नाही. आधी जातं मानेतलं रबर.

डोकं काढून बघा. हँडलच्या वरच्या टोकाला धातूची बारीक दांडी बाहेर आलेली दिसेल. दांडी हलती, हँडल स्थिर, आणि दोघांच्या मध्ये रबरी वायसर. सोनिक, म्हणजे अतिवेगाने थरथरणाऱ्या, प्रकारात ही दांडी किती हलते? फिलिप्सची सोनिकेअर मिनिटाला ३१,००० हालचाली सांगते. एवढ्या थरथरीत वायसरने पाणी अडवायचं असतं, आणि तेही पेस्टचा फेस, लाळ आणि नळाच्या पाण्यातले क्षार कालवलेलं. फेस सुकला की दांडीभोवती आधी पांढरं, मग करडं, टणक कडं धरतं. दात घासायची बारीक भुकटी पेस्टमध्ये असतेच. ती या कड्यात अडकून वायसरलाही घासत राहते. असं करता करता एक दिवस थेंब आत उतरतो.

आता बॅटरीचा हिशोब बघा. लिथियम-आयन सेल साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगपर्यंत बऱ्यापैकी दम राखून असतो. दोन आठवड्यांतून एकदा चार्ज केला तर वर्षाला २६ वेळा, पाच वर्षांत १३०. म्हणजे निम्मासुद्धा वापर होत नाही. सेल वयाने थकतो, उष्णतेने थकतो. चार्जिंगच्या संख्येने थकायची पाळी ब्रशवर सहसा येत नाही.

वायसर वाचवायचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. दात घासून झाले की डोकं काढा, दांडी आणि डोक्याचं आतलं भोक वाहत्या पाण्याखाली धरा, हँडल पुसा आणि दोन्ही वेगवेगळे उभे ठेवा. डोकं तसंच चढवून ओलाच ब्रश प्लॅस्टिकच्या टोपीत कोंबणं ही सर्वांत वाईट सवय.

ब्रश रात्री आपोआप सुरू होतो. भुताटकी आहे का?

भुताटकी नाही, पाणी आहे. बटणाच्या मागे ओल पोचली की सर्किटला वाटतं कोणीतरी बटण दाबलंय. मग पहाटे दोन वाजता बाथरूमच्या कपाटात ब्रश गुरगुरायला लागतो, किंवा सकाळी काही केल्या बंदच होत नाही. ही शेवटची घरघर समजा.

अशा ब्रशला चार्जिंगला लावू नका. डोकं काढून, मान खाली करून कोरड्या जागी आठवडाभर ठेवलात तर कधीकधी जिवंत होतो, पण वायसर गेलेलाच असतो, त्यामुळे तो पुन्हा भिजणार. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा घरगुती इलाज इथे निरुपयोगी. आत गेलेलं पाणी बंद हँडलमधून तांदूळ कसं ओढणार? वॉरंटी शिल्लक असेल तर याच दिवशी तक्रार नोंदवा.

खोक्यावर ‘आयपीएक्स७’ लिहिलंय. मग पाणी शिरतंच कसं?

‘आयपीएक्स७’ याचा अर्थ नवी वस्तू एक मीटर खोल साध्या, स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी तिचं नुकसान होईल इतकं पाणी आत जात नाही. एवढंच. दोन वर्षं पेस्ट खाल्लेल्या वायसरची, कढत पाण्याची किंवा फरशीवर आपटून शिवणीला गेलेल्या तड्याची ती चाचणी नाही. जोराच्या धारेची चाचणीही वेगळी असते. अंघोळीच्या गरम पाण्याखाली ब्रश करायची सवय असेल तर ती सोडलेली बरी.

कंपनी म्हणते ३० दिवस, माझा तर १२ दिवसांत उतरतो. फसवणूक आहे का?

असेलच असं नाही. कंपनीचा हिशोब एका माणसाचा: दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, बहुधा साध्या किंवा सौम्य मोडवर, नवा सेल, आणि ब्रशवर बेताचा दाब. आपण जोरात रगडतो, कारण हाताला साध्या ब्रशची सवय असते. दाबलं की मोटर जास्त वीज ओढते. ‘व्हाइटनिंग’सारखे मोड तीन मिनिटांचे असले तर दीडपट खर्च. घरातली दोन माणसं एकच हँडल वापरत असतील तर दिवस सरळ निम्मे.

खरी परीक्षा करायची तर पूर्ण चार्ज करा, स्टँड कपाटात ठेवा, कॅलेंडरवर खूण करा आणि एकाच मोडवर ब्रश पूर्ण थांबेपर्यंत वापरा. वर्षाने पुन्हा तेच करा. २० दिवसांचे १६ झाले तर वयोमानाप्रमाणे ठीक आहे. २० चे ६ झाले तर सेल बसला.

म्हणजे ९० दिवस चालणारा ब्रश ३० दिवसवाल्यापेक्षा चांगला?

इथे जरा गणित करा, कारण जाहिरात नेमकी इथेच गंडवते.

समजा सेल ८०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आहे. रोजची चार मिनिटं धरली तर ३० दिवसांत १२० मिनिटं, म्हणजे दोन तास. ८०० भागिले दोन: ब्रश सरासरी ४०० मिलिअँपिअर ओढतो. तोच ८०० एमएएचचा सेल ९० दिवस चालतो असं कोणी म्हणत असेल, तर ते झाले सहा तास. सरासरी १३३ मिलिअँपिअर. सेल तोच, दिवस तिप्पट, म्हणजे मोटरला मिळणारी वीज एक तृतीयांश. काही मोटरी कमी विजेत चांगलं काम करतात हे खरं, पण तिप्पट फरक नुसत्या हुशारीने पडत नाही. असा ब्रश दातावर टेकवला की थरथर मरते. तो टिकतो भरपूर, घासत नाही.

बॅटरी दोन ते तीन आठवडे चालली की पुरे. गावाला जाऊन येईपर्यंत चार्जर न्यावा लागू नये, एवढीच गरज असते. त्यापुढच्या दिवसांसाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ते पैसे दाब ओळखणाऱ्या सेन्सरवर घाला. हिरड्याही वाचतात आणि मोटरही.

निकेलची बॅटरी की लिथियमची, फरक काय पडतो?

जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात, तळाशी किंवा माहितीपत्रकात ‘एनआय-एमएच’ असं लिहिलेलं. त्यांना आठवडा-दहा दिवसांत चार्जिंग लागतं आणि नुसते पडून राहिले तरी ते बरेच उतरतात. नव्या, जरा वरच्या किमतीच्या ब्रशांत लिथियम-आयन असतो. तो दोन-तीन आठवडे सहज काढतो आणि कपाटात ठेवला तर फारसा उतरत नाही. आज नवा घेत असाल तर लिथियमच घ्या.

रोज स्टँडवरच उभा ठेवला तर बॅटरी खराब होते का?

लगेच होत नाही. भरली की चार्जिंग आपोआप थांबतं आणि कंपन्याही स्टँडवर ठेवायला हरकत घेत नाहीत. निकेलचा सेल असेल तर सहा महिन्यांतून एकदा स्टँड बंद करून ब्रश पूर्ण उतरेपर्यंत वापरावा, असं ओरल-बीच्या माहितीपत्रकांत सांगितलेलं असतं. लिथियमला त्याची गरज नाही; उलट तो कायम शंभर टक्के भरलेला आणि वर गरम जागी राहिला तर लवकर म्हातारा होतो. म्हणून मी म्हणेन, लिथियमवाला ब्रश पंधरवड्याला एकदा चार्जिंगला लावा आणि एरवी स्टँड गुंडाळून ठेवा. आपल्याकडच्या बाथरूममध्ये बेसिनजवळ सॉकेट नसतोच, त्यामुळे ही शिस्त आपोआप लागते. ओल्या बाथरूममध्ये एक्स्टेंशन बोर्ड ओढून स्टँड ठेवण्याचा उद्योग मात्र करू नका.

विजेच्या बिलाची काळजी असेल तर: स्टँड सतत एक वॉट ओढतो असं धरलं तरी वर्षाला नऊ युनिटच्या आत.

स्टँडला कुठेच धातूचा संपर्क नाही. चार्ज होतो कसा, आणि एवढा वेळ का लागतो?

स्टँडच्या खुंटीत तारेचं एक वेटोळं असतं, हँडलच्या बुडाशी दुसरं. पहिल्यातून बदलती वीज गेली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि दुसऱ्यात वीज उमटते. मध्ये प्लॅस्टिकची भिंत तशीच राहते. मोबाइलचं वायरलेस चार्जिंग आत्ता आत्ता आलं, टूथब्रशात ते कित्येक वर्षांपासून आहे. कारण उघड आहे: पाण्याशी रोज गाठ पडणाऱ्या वस्तूला उघडे धातूचे काटे नकोत. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी बनवलेला ब्रॉक्सोडेंट हा ब्रश तर चक्क भिंतीतल्या विजेवर वायर लावून चालायचा. तोंडात ब्रश, हात ओले आणि दुसरं टोक सॉकेटमध्ये! चार्जिंगचा, बिनवायरचा ब्रश जनरल इलेक्ट्रिकने १९६१ साली आणला.

या पद्धतीत वीज संथपणे पोचते, म्हणून बहुतेक ब्रशांना पूर्ण चार्जला १२ ते २४ तास लागतात. चार्ज होताना बूड कोमट लागलं तर घाबरू नका. चटका बसण्याइतकं गरम झालं तर काढून घ्या. महिनोन्‌महिने पडून राहिलेला ब्रश स्टँडवर ठेवल्या ठेवल्या दिवा दाखवत नाही. अर्धा तास वाट बघा, मगच मेला म्हणा.

यूएसबी-सीवाला ब्रश मोबाइलच्या चार्जरवर चार्जच होत नाही.

दोन्ही टोकांना सी असलेली वायर वापरताय का? अशा वायरीत चार्जर आधी समोरच्या वस्तूकडून खूण मागतो आणि ती मिळाल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खूण देणारे दोन बारीक रेझिस्टर स्वस्त ब्रशांत पैसे वाचवायला गाळलेले असतात. जुन्या चपट्या यूएसबी टोकाची वायर आणि साधा चार्जर लावा, बहुतेक वेळा काम होतं.

या ब्रशांचं खरं दुखणं म्हणजे बुडातलं ते भोक आणि त्यावरचं रबरी झाकण. झाकण नीट दाबलेलं नसलं आणि बेसिनवर साचलेल्या पाण्यात ब्रश उभा राहिला की ते भोक, म्हणजे पोर्ट, हिरवट पडतं. वायर लावण्याआधी आत कोरडं आहे ना, हे उजेडात बघा.

नवाकोरा ब्रश मंद चालतो, मध्येच अडखळतो. सदोष आला का?

परत पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा. काही सोनिकेअर मॉडेलांत पहिल्या १४ वेळा जोर मुद्दाम कमी ठेवून हळूहळू वाढवतात, हिरड्यांना सवय व्हावी म्हणून. दर ३० सेकंदांनी येणारा क्षणभराचा झटका म्हणजे ‘आता पुढचा भाग घासा’ ही सूचना. आणि जोरात दाबल्यावर वेग पडत असेल तर तो दाबाचा सेन्सर आपलं काम करतोय. ब्रश हवेत धरून चालवा. तिथे नीट चालला तर तुमचा हात जड आहे.

अमेरिकेतल्या मुलाने ब्रश पाठवलाय. इथे लावला तर चालेल?

लावण्याआधी स्टँड उलटा करा आणि ‘इनपुट’पुढचे आकडे वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिनांचा अ‍ॅडॅप्टर पुरतो. नुसतं ११० किंवा १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टला लावू नका, स्टँड जळेल. पिनांचा अ‍ॅडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही, हे लक्षात न घेतल्याने कितीतरी भेटवस्तू पहिल्याच दिवशी गेल्या असतील. अमेरिकेत विकले जाणारे ओरल-बीचे काही स्टँड असे फक्त तिथल्या व्होल्टचे असतात. तिथून परतताना आणायचाच असेल तर यूएसबीवर चार्ज होणारा किंवा १००-२४० लिहिलेला बघून आणा. परदेशी बिलावर इथे वॉरंटी मिळेलच या भरवशावर राहू नका.

पावसाळा, उन्हाळा, बोअरचं पाणी: आपल्याकडच्या हवेत काय सांभाळायचं?

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर बाथरूममध्ये काहीच वाळत नाही. तिथे हँडल पुसून खोलीत आणून ठेवा, नाहीतर डोक्याच्या आत काळी बुरशी धरते. विदर्भ-मराठवाड्यात उलटा त्रास: मे महिन्यात बंद गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ब्रश राहिला तर लिथियम सेलचं आयुष्य तिथेच कमी होतं. बाथरूममध्ये गिझरला लागून असलेली फळीही नको. बोअरचं जड पाणी असेल तर दांडीवर पांढरे क्षार बसतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, धारदार वस्तूने खरवडू नका. वायसरला चीर पडते.

दंतमंजन किंवा मशेरीबरोबर वापरला तर?

नको. मंजनाची पूड भरड असते, ती थेट दांडीच्या फटीत जाते. दातांवरचं आवरणही विनाकारण झिजतं. मशेरी तर तंबाखूच. ती कुठल्याच ब्रशबरोबर नको.

घरात चौघं. एकच हँडल आणि चार डोकी चालतील?

चालतील, रंगीत कडी लावून ओळखायची सोयही असते. पण बॅटरी चौपट वेगाने उतरणार, वायसर चौपट झिजणार आणि सकाळी साडेसातला भांडण होणार. दोन माणसांना एक हँडल इथपर्यंत ठीक आहे.

बॅटरी बदलून मिळते का?

कंपनी बहुधा बदलून देत नाही. वॉरंटीत असेल तर आख्खा ब्रशच बदलते. जुन्या ओरल-बी हँडलांचं बूड फिरवून उघडतं, पण ती सोय सेल काढून टाकण्यासाठी आहे, परत बसवण्यासाठी नाही. आतला सेल पट्ट्यांनी जोडलेला असतो. तो सोडवून नवा डाग देणं मोबाइल दुरुस्तीवाल्याला जमतं. पुढे खरी अडचण येते: एकदा उघडलेलं बूड पूर्वीसारखं पाणीबंद होत नाही. सिलिकॉन लावून काही महिने निघतात. निकेलच्या जुन्या ब्रशवर हा प्रयोग करायला हरकत नाही. लिथियमचा सेल घरी उचकटू नका. स्क्रूड्रायव्हर घुसला तर पेट घेतो.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यायला हव्यात. पाण्यात वापरायच्या, धुवायच्या वस्तूंना त्यात सवलत आहे: त्यांची बॅटरी निदान बाहेरच्या कारागिराला बदलता आली तरी चालेल. हँडलांची रचना यामुळे बदलली तर त्याचा फायदा आपल्याकडेही पोचेल.

ब्रश विमानात नेता येतो का?

येतो. ८०० एमएएचचा सेल जेमतेम तीन वॉट-अवर भरतो आणि मर्यादा १०० ची असते. हातातल्या बॅगेत ठेवणं उत्तम. सामानात टाकायचा असेल तर पूर्ण बंद करा, ट्रॅव्हल लॉक असेल तर लावा. कपड्यांच्या दाबाने बटण दाबलं जाऊन बॅग थरथरायला लागली की सुरक्षा तपासणीत खोळंबा होतो.

दुसऱ्या कंपनीचे स्वस्तातले रिफिल वापरले तर हँडल खराब होतं का?

बसवून, हाताने हलवून बघा. लडबडत असेल तर नको. सैल डोकं दांडीवर आपटत राहतं, आवाज वाढतो, वायसरवर भार येतो. घट्ट, बिनआवाजी बसणारे असतील तर वापरा. डोकं आणि हँडलमध्ये थोडी फट मात्र मूळ रिफिललाही असते. ती मुद्दाम ठेवलेली असते.

वॉरंटीत ब्रश गेला आणि कंपनी टाळाटाळ करतेय. काय करावं?

बिल आणि हँडलच्या बुडावरचा क्रमांक यांचा फोटो ब्रश विकत घेतल्या दिवशीच काढून ठेवा. बुडावरची शाई पाण्याने पुसली जाते. ‘पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही’ असं उत्तर आलं तर खोक्यावरचं ‘आयपीएक्स७’ त्यांना लेखी दाखवा. पाण्यात वापरायची म्हणून विकलेली वस्तू सरळ वापरात पाण्याने बिघडली, तर तो ग्राहकाचा दोष कसा? तरीही ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

बंद पडलेला ब्रश कचऱ्यात टाकला तर चालतो का?

नाही. घंटागाडीत कचरा दाबला जातो आणि चेपलेला लिथियम सेल पेटू शकतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार जुनी उपकरणं योग्य ठिकाणी जावीत ही जबाबदारी उत्पादकांवरही आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर संकलनाची माहिती असते, शिवाय अनेक शहरांत ई-कचरा गोळा करायच्या मोहिमा होतात. स्टँड चांगला असेल तर तो मात्र देऊन टाकू नका. ओरल-बीच्या बहुतेक साध्या हँडलांना एकच स्टँड चालतो, फक्त आयओ मालिकेचा वेगळा असतो.